तिसऱ्यांदा विचारल्यावर

माझा आवाज मोठा आहे. रहिमतपूरच्या आमच्या शाळेच्या मैदानावर मी ओरडले की फाटकाबाहेरचा वडापाववाला हातातला झारा तसाच धरून आत डोकावतो, असं मुली म्हणतात. मी खेळाची शिक्षिका. मुलींना फुटबॉल शिकवते, आणि इतकी वर्षं मी त्यांना एकच वाक्य ऐकवत आले, "काय होत न्हाई, ऊठ!" गुडघा फुटला, ऊठ. अंगठ्याचं नख निघालं, ऊठ. एकदा एकीचं बोट बॉल लागून टम्म सुजलं, तर मी म्हटलं, "फुटबॉल पायानं खेळत्यात बाई, बोटाचं काय लोणचं घालायचंय?" ती रडता रडता हसली आणि खेळली.

म्हणूनच गेल्या हिवाळ्यात सांगलीच्या मैदानावर मी एका मुलीच्या पायाशी बसून मऊ आवाजात "दुखतंय का गं बाळा?" असं विचारलं, तेव्हा आमची गोलकीपर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अगं बया, मॅडमना आज लईच माया आलीया!" सगळ्या फिदीफिदी हसल्या. मीही हसले. पण ती माया कुठनं आली होती, हे मला त्याच क्षणी माहीत होतं.

जिच्या पायाशी मी बसले होते ती आमची फॉरवर्ड. माणदेशातली, मेंढरं राखणाऱ्या घरातली. गावात सातवीपुढं शाळा नव्हती म्हणून आमच्या शाळेच्या वसतिगृहात आली. काडीसारखी पोरगी, पण पायात बॉल आला की समोरच्या मुलींना ती कुठून गेली ते कळायचं नाही. मी तिला विचारलं होतं, असं वळायला कुठं शिकलीस? म्हणाली, "मेंढरू कळप सोडून पळतंय का न्हाई मॅडम, त्याच्या म्होरं जाऊन उभं ऱ्हायाचं आसतंय. ते वळायच्या आदी आपन वळायचं." मी पुस्तकं वाचून, शिबिरं करून जे शिकवायचा प्रयत्न करत होते ते ही घरून घेऊनच आली होती.

रविवारी ती आमच्या घरी जेवायला यायची. आमचं घर उसाच्या पट्ट्यातलं, खाऊन-पिऊन सुखी. नवरा फौजेतून निवृत्त झालेला, सासू अजून चुलीपुढं हुकूम सोडणारी. आमच्याकडं पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला तर त्याला कुणी जुमानत नाही. पहिलं "नको" म्हणजे लाज, दुसरं "नको" म्हणजे रीत. तिसऱ्यांदा विचारल्यावर पाहुणा "बरं, अर्धी द्या" म्हणतो आणि मग वाढणारीचं समाधान होतं. त्या पोरीला हे माहीत नव्हतं. पहिल्या रविवारी ती खरंच पोट भरलं म्हणून नको म्हणत होती आणि मी वाढत होते. शेवटी तिचे डोळे पाण्यानं भरले तरी घास गिळतच होती. माझी लेक ओरडली, "आई, मारतीस का काय तिला!" तेव्हा कुठं मी हात आवरला.

पुढच्या वेळेपासून पोरगी शिकली. दोनदा नको म्हणायची, तिसऱ्यांदा विचारलं की हसून ताट पुढं करायची. "मॅडमच्या घरात न्हाई म्हणून भागत न्हाई," असं ती वसतिगृहातल्या मुलींना सांगायची. मला त्याचं फार कौतुक वाटायचं.

आता माझ्या लेकीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं पाणी तिथंच मुरतंय. माझी लेक त्याच शाळेत, त्याच वर्गात, त्याच संघात. जागाही तीच, फॉरवर्ड. फरक एवढाच की ती बाकावर बसायची. वाईट खेळायची असं नाही. बरी खेळायची, मेहनती होती. पण माणदेशातली ती पोरगी असताना तिला आत घ्यायचं काही कारणच नव्हतं. शिवाय मला लोकांच्या तोंडाची भीती. बाईंनी आपली पोरगी घुसवली, असं कुणी म्हणू नये म्हणून मी तिला इतरांपेक्षा दुप्पट पळवायची, चारचौघींत फाडून बोलायची. मैदानावर मला आई म्हणायचं नाही, मॅडम म्हणायचं, असा दम भरला होता. ती म्हणायचीही. घरी आल्यावर मात्र चपाती लाटता लाटता हळूच विचारायची, "आई, मला कवा घेनार गं?" मी म्हणायची, "येईल की तुझी वेळ." अन् दुसरीकडं तोंड फिरवायची.

सांगलीला विभागीय स्पर्धा होती. एका शाळेच्या वर्गात गाद्या टाकून आमचा मुक्काम. उपांत्य सामना आम्ही जिंकलो, आणि तो त्या पोरीनंच जिंकून दिला. पण शेवटी शेवटी समोरच्या धिप्पाड मुलीनं तिला आडवं केलं. पाय खाली वाकडा पडला. ती उठली, सामना पुरा केला, आणि मग बूट काढला तर घोटा सुजून बटाट्याएवढा झालेला.

त्याच संध्याकाळी आम्ही तिला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी फोटो काढला, घोटा इकडून तिकडून दाबला. म्हणाले, "हाड शाबूत आहे. शीर ताणली गेलीय. रात्रभर बर्फ लावा, उद्या सूज उतरली तर घट्ट पट्टी बांधून खेळू शकेल. अर्थात धोका थोडा आहेच. न खेळली तर उत्तम." मी वैतागले. म्हटलं, "डॉक्टर, एक काहीतरी सांगा. खेळवू का नको?" ते म्हणाले, "सकाळी तिला विचारा. तिचा पाय तिला माझ्यापेक्षा जास्त कळतो."

एरवी असं काही कुणी म्हटलं असतं तर मी तिथंच निकाल लावला असता. पट्टी बांध, ऊठ, खेळ. पण दुसऱ्या दिवशीचा सामना नुसता अंतिम सामना नव्हता. तो बघायला निवड समितीची दोन माणसं येणार होती. पुण्याच्या निवासी प्रशिक्षण केंद्रासाठी मुली निवडायच्या होत्या. त्या केंद्रात जी गेली तिचं राहणं, खाणं, शिकणं, खेळणं सगळं तिथंच, घरच्यांवर काही भार नाही. वयाच्या अटीमुळं त्या पोरीचं हे शेवटचं वर्ष. माझ्या लेकीचंही. जी खेळेल ती दिसणार, जी बाकावर बसेल तिला कोण विचारतंय?

त्या संध्याकाळी मी दोघींना शेजारी शेजारी बसून एकाच कागदातलं भडंग खाताना बघितलं. लेक तिच्या घोट्यावर बर्फाची पिशवी धरून बसली होती. पिशवी सरकली की नीट करत होती. खोटं कशाला बोलू, मला त्या वेळी लेकीच्या हातातली पिशवी दिसत होती आणि मनात येत होतं, नाहीच उतरली सूज तर? देवाशपथ, मी मागितलं नव्हतं. नुसतं मनात आलं.

सकाळी सूज बरीच उतरली होती. मी घट्ट पट्टी बांधली. पोरगी उठली, चालली, मग मैदानाच्या कडेनं हलकेच धावून आली. दुखऱ्या पायावर उड्या मारून दाखवल्या. तोंड वाकडं केलं नाही. वळताना जरा अवघडली का? मला वाटलं अवघडली. आज मला ते छातीठोकपणे सांगता येत नाही. जे बघायचं होतं तेच मी बघितलं असेल.

मी गवतात बसले, तिचा पाय मांडीवर घेतला.

"दुखतंय का गं बाळा?"

"न्हाई मॅडम."

तेव्हाच गोलकीपर ते मायेचं बोलली आणि सगळ्या हसल्या. हसणं विरल्यावर मी अंगठ्यानं घोट्याच्या बाजूला दाबलं. "इथं?"

"न्हाई. उगं जरासं. खेळंल की मी."

इथं थांबायला हवं होतं. डॉक्टर म्हणाले होते तिला विचारा. मी विचारलं होतं, तिनं सांगितलं होतं. दुसरी कुठलीही मुलगी असती तर एवढ्यावर मी पाठीत धपाटा घालून तिला मैदानात पिटाळलं असतं. पण मी पाय सोडला नाही. आणखी जोरात दाबलं, आणि म्हटलं, "खरं सांग. मला वाईट वाटंल म्हणून न्हाई म्हणू नकोस. पायाचं वाटोळं झालं तर जन्माचं दुखणं होऊन बसंल. दुखतंय ना?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग माझ्या खांद्यावरून पलीकडं. मला मागं वळून बघायची गरज नव्हती. तिथं माझी लेक उभी होती, बुटाची नाडी बांधलेली सोडून परत बांधत. पोरीची नजर तिथं जरा वेळ राहिली आणि परत माझ्यावर आली. मग ती हसली. रविवारी आमच्या घरी ताट पुढं करताना हसायची, अगदी तसंच.

"व्हय मॅडम," ती म्हणाली. "दुखतंय. न्हाई जमायचं आज."

मला हायसं वाटलं. बाकी कशाचीही मी वकिली करीन, सबबी सांगीन, पण या एका गोष्टीला माझ्याकडं सबब नाही. त्या पोरीच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सामना हातातून गेला होता आणि मला, तिच्या शिक्षिकेला, सुटल्यासारखं वाटलं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, "शहाणी माझी बाय ती," म्हटलं आणि लेकीला हाक मारली, "चल गं, तयार हो."

सामना आम्ही हरलो. पण आमच्याकडून एकच गोल झाला आणि तो माझ्या लेकीनं केला. कॉर्नरवरून आलेला बॉल समोरच्या गोलकीपरच्या हातातून सुटला आणि ही बरोबर तिथं होती. मी आनंदानं किंचाळले. नेमकी त्याच वेळी माझ्या शेजारी बाकावर बसलेली ती पोरगी उठली आणि मैदानाच्या कडेनं तिरासारखी निघाली. पार कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत गेली आणि माझ्या लेकीला मिठी मारून तिनं उचललं. उचललं! दोघी गरगर फिरल्या.

ती पळत गेली होती. लंगडत नाही, पळत.

परत येताना अर्ध्या वाटेत तिनं मान वर केली. मी तिच्याकडंच बघत होते. तिथून पुढं ती लंगडत आली. इतकी हळू, इतकी सांभाळून आली की तिला आधार द्यायला दोघी उठल्या. बाकावर बसली आणि घोटा चोळायला लागली. मी पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. ती "थँक्यू मॅडम" म्हणाली. मला तिच्याकडं बघवेना.

आता कुणी म्हणेल, आनंदाच्या भरात माणूस दुखणं विसरतो. मीही स्वतःला हेच सांगते. रोज सांगते. दुखऱ्या पायानं मुली पळतात हे माझ्याइतकं कुणी बघितलंय? मग ती परत येताना का लंगडली? दुखणं उशिरा आठवलं म्हणून, का मला बघून? हे एकदा डोक्यात शिरलं की भाजीत मीठ घातलं का नाही ते आठवत नाही.

लेकीची निवड झाली. शाळेत प्रार्थनेनंतर मुख्याध्यापिकांनी माझं कौतुक केलं. लेकीचं नाही, माझं! म्हणाल्या, अंतिम सामना पणाला लागलेला असतानाही बाईंनी जखमी मुलीला विश्रांती दिली, हरणं पत्करलं, असे शिक्षक हवेत. टाळ्या पडल्या. पालकांच्या ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं आली. मी मान खाली घालून उभी होते, तर लोकांना वाटलं विनय. अरे, कसला विनय! घरी नवरा म्हणाला, "बरोबर केलंस. फौजेत आमीबी जखमी गड्याला म्होरं धाडत न्हाई." मी त्याच्यावर असली खेकसले की तो हातातला चहा तसाच टाकून अंगणात गेला. त्याला अजून कळलेलं नाही त्याचं काय चुकलं.

लेक पुण्याला निघाली तेव्हा बॅग भरता भरता तिनं विचारलं, "आई, माझा गोल झाला तवा ती पळत आली, बघितलंस?"

"कोण?" मी विचारलं. जसं काही मला कळलंच नाही.

लेक हातातला टी-शर्ट तसाच धरून माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "गप बॅग भर. एसटी चुकंल." तिनं बॅग भरली. तिथं तिचं चांगलं चाललंय. फोनवर बोलते, पण सांगलीचा विषय आम्ही दोघीही काढत नाही.

दहावीची परीक्षा झाली आणि ती पोरगी वसतिगृह सोडून गावी गेली. मे महिन्यात मी स्कूटी काढली आणि पुसेगाव, दहिवडी मागं टाकत तिच्या गावी गेले. घरी सांगितलं, हुशार मुलगी आहे, साताऱ्याला कॉलेजात घालायचं बघते. ते खोटं नव्हतं. पण तेवढंच नव्हतं.

वडील मेंढरं घेऊन पश्चिमेकडं चारणीला गेले होते. घरात आई आणि ती. मला बघून पोरगी एवढी हरखली की मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. तालुक्याच्या कॉलेजात नाव घालणार होती. पोलीस भरतीसाठी पहाटे पळायला जात होती. "पाय कसाय?" मी विचारलं. "पायाला काय धाड भरलीया मॅडम, झ्याक हाय." फुटबॉल? ती हसली. "हितं कुठला फुटबॉल वं! दगडं तेवढी हायेत." मग आत गेली आणि शाळेनं दिलेले बूट घेऊन आली. घासूनपुसून, आत कागदाचे बोळे घालून ठेवलेले. "हे माघारी न्यायचं का? कुनाला तर हुतील."

मी म्हटलं, "राहू दे तुझ्याजवळ."

आईनं कोंबडीचा रस्सा केला होता. बाजरीची गरम भाकरी, वर तूप. लांबून आलेय, उन्हाची आलेय, मास्तरीण आहे, म्हणून ती माउली मला वाढत सुटली. मी नको म्हटलं. तिनं ऐकलं नाही. मी परत नको म्हटलं, ताटावर हात धरला. "आवं घ्या की मॅडम, येवढ्यानं काय हुतंय, लेकीच्या घरी लाजताय व्हय?" ती भाकरी घेऊन तशीच वाकून उभी. पोटात तिळाएवढी जागा नव्हती. पण तिच्या तोंडाकडं बघून मी म्हटलं, "बरं, अर्धी द्या."

पोरीनं पटकन माझ्या ताटावर हात आडवा धरला.

"आय, नगं वाढू. त्यास्नी खरंच नगं हाय." मग हसत हसतच, आईला समजावल्यासारखी म्हणाली, "तिसऱ्यांदी इचारल्यावर मानूस तुज्यासाटी व्हय म्हणतंय. त्याला पायजे आसतंय म्हणून न्हवं."

आई म्हणाली, "बघा वं, मलाच शिकवायला लागली." आणि भाकरी परत टोपलीत ठेवली. पोरगी माझ्या हातावर पाणी घालायला उठली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. तसं काही असतं तर बरं झालं असतं. मी हात धुतले, पदराला पुसले.

निघताना ती सडकेपर्यंत सोडायला आली. बाभळीखाली स्कूटी लावली होती, सीट तव्यासारखी तापलेली. तिनं ओढणीनं सीट पुसून दिली. मी किल्ली लावली, काढली, परत लावली. शेवटी एकदाचं विचारलं.

"त्या दिवशी सांगलीला, खरंच दुखत होतं का गं?"

तिनं क्षणभरही वेळ लावला नाही. "व्हय मॅडम," ती म्हणाली, "लय दुखत हुतं."

जन्मभर मी कुणाचं पहिलं उत्तर खरं मानलेलं नाही. पाहुण्याचं नाही, मुलींचं नाही, पोटच्या पोरीचंही नाही. तिथं त्या बाभळीखाली मात्र मी मान हलवली, "बरं" म्हटलं, आणि दुसऱ्यांदा न विचारता स्कूटी चालू केली.